सुट्टीच्या आधीचा चिंचोका

त्या मुलीने पहिल्याच दिवशी माझ्या डाव्या मनगटाचा चावा घेतला आणि मी तिच्या कानफटात मारली.

मी तेव्हा बावीस वर्षांची होते. रत्नागिरीला ट्रेनिंग पुरं करून मालवणच्या दक्षिणेला, समुद्राला लागून असलेल्या एका गावात मास्तरीण म्हणून नुकतीच रुजू झाले होते. पन्नासचं दशक सरत आलं होतं. शाळा म्हणजे चिऱ्याच्या भिंतींची, नळ्यांच्या छपराची एक लांब खोली आणि मधोमध फळ्यांचा आडोसा. पलीकडे हेडमास्तर तिसरी-चौथी घेत, अलीकडे मी पहिली-दुसरी. मुलगी नऊ वर्षांची होती, पण बोलत नव्हती म्हणून पहिलीत घातली होती. तिची आई मासे विकायची. डोक्यावरची पाटी उंबऱ्याबाहेर ठेवून ती मला म्हणाली, "बाई, हेका हय बसवन घेवा. शिकला तर शिकला. मी बाजारात गेलंय की ह्या दर्यात जाता."

मी मुलीला जागेवर बसवायला तिचा हात धरला. तिने मान वळवली आणि दात रुतवले. मी ओरडले, हात हिसडला, तरी ती सोडेना. शेवटी मारलं तेव्हा सुटली, आणि मग जमिनीवर बसून कपाळ आपटायला लागली. एकाच तालात, न रडता. सारवलेली जमीन होती म्हणून फुटलं नाही. आई दारातून बघत होती. मला वाटलं, आता ही माझ्याशी भांडेल. ती म्हणाली, "मारा बाई. घरातय मारतत." पाटी उचलून ती निघून गेली. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं.

माझे वडील पट्ट्याने मारत. भावांना जास्त, मला कमी, पण मारत. मार खाल्ला म्हणून मी शिकले, असं मला पक्कं वाटत होतं. ट्रेनिंगमध्ये मुलांना मारू नये यावर एक धडा होता. त्याची उत्तरं मी चांगली लिहिली होती आणि शाळेत आल्याच्या पहिल्या आठवड्यात एक लाकडी पट्टी घेतली होती.

माझ्या वर्गात तिच्यासारखा आणखी एक होता, गावातल्या दुकानदाराचा मुलगा, सात वर्षांचा. तो बोलायचा, पण स्वतःचं काही बोलायचा नाही. आपण जे म्हणू ते तो परत म्हणायचा, आपल्याच सुरात. "जेवलास का?" तर "जेवलास का?" एका गोष्टीत मात्र त्याची चूक होत नसे. मुंबईहून येणारी बोट कोणत्या दिवशी मालवणला लागणार, कुठल्या बंदराला किती वेळ थांबणार, हे त्याला बापाच्या दुकानात बसून तोंडपाठ झालं होतं. अशा मुलांना स्वमग्न म्हणतात, हे मला कळलं तेव्हा माझी पेन्शन सुरू झाली होती. त्या वेळी गावात शब्द होते ते असे: मुलगी खुळी, आणि मुलगा आगाऊ. आगाऊपणावर औषध एकच होतं.

एके दिवशी, दिवाळीनंतर असेल, हेडमास्तर आडोशापलीकडून माझ्या वर्गात आले. त्यांच्या हातात निरगुडीची ओली फोक असायची. ती ते रोज सकाळी येताना कुंपणातून तोडत. मुलाच्या पुढ्यात पाटी नव्हती.

"पाटी कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"पाटी कुठे आहे?" मुलगा म्हणाला. हुबेहूब त्यांचा आवाज, थोडा नाकातला. दोघं-तिघं मुलं हसली.

हेडमास्तरांनी पोटरीवर फोक मारली. "मला नक्कल करून दाखवतोस?"

"मला नक्कल करून दाखवतोस?"

दुसरी. तिसरी. "परत म्हणशील?"

"परत म्हणशील?"

मी खडू हातात घेऊन फळ्यापाशी उभी होते. मला माहीत होतं की तो चेष्टा करत नाही. सहा महिने मी त्याला रोज बघत होते. मी एक वाक्य बोलले असते तर कदाचित थांबलं असतं, कदाचित नसतं. मी बोलले नाही. फोक मोडली तेव्हा त्यांनी हाताने मारायला सुरुवात केली. मुलगा रडत होता आणि रडता रडता त्यांचीच वाक्यं परत देत होता, "गप्प बस", "गप्प बस", "जीव घेईन", "जीव घेईन". त्याच्या कानातून रक्ताची बारीक धार मानेवर आली.

त्या वेळेपर्यंत मुलगी दाराशी, भिंतीला लागून, कोपरांनी कान दाबून डुलत होती. आवाज वाढला की ती तशी करायची. अचानक ती उठली, पळत आली आणि हेडमास्तरांच्या पोटरीला चावली. त्यांनी पाय झाडला. ती उडून दाराच्या चौकटीवर आदळली. तिचा पुढचा दात अर्धा तुटला आणि ओठ फाटला. तोंडातलं रक्त तिने तळहातावर घेतलं, बघितलं आणि परत जाऊन आपल्या जागेवर बसली.

"ह्या दोघांची नावं काढून टाका," हेडमास्तर मला म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "शाळा आहे, वेड्यांचं इस्पितळ नव्हे."

मी "हो" म्हणाले. नावं काढली नाहीत. पण तोंडाने "हो" म्हणाले.

सुट्टीला पंधरा मिनिटं राहिली होती. मुलं इतकी गप्प होती की भरतीचा आवाज खोलीत येत होता. पाढे म्हणवून घेणं मला जमेना. त्या मुलांना तसंच घरी पाठवायला माझं मन होईना, आणि मी स्वतःसुद्धा तशीच खोलीवर जाऊ शकत नव्हते. मी विचारलं, "आज तुमच्यासाठी कोणी काही बरं केलं का?"

मग दुसरीतली एक मुलगी उभी राहिली. "बाई, माझी पाटी फुटली तेव्हा हिना आपली दिल्यान," तिने शेजारणीकडे बोट दाखवलं. मागून एक जण म्हणाला, "माका भावान खांद्यार घेवन वहाळ पार केल्यान." आणखी दोन-तीन हात वर आले. दुकानदाराच्या मुलाला कोणी पाणी आणून दिलं होतं तेही निघालं. पाणी देणारीने मान खाली घातली. आमच्या बोलीत आभार मानायची रीत नव्हती. कोणी काही दिलं तर घ्यायचं आणि पुढे कधीतरी आपण द्यायचं. मध्ये शब्द आणला तर माणूस परका वाटायचा. त्यामुळे मुलांना हे नवं होतं, थोडं लाजिरवाणंही होतं. पण त्या दिवशी ती शाळेतून पळत बाहेर पडली, रोजच्यासारखी.

मग मी ते रोज सुरू केलं. अडचण त्या दोघांचीच होती. एक बोलत नव्हती आणि दुसरा माझाच प्रश्न मला परत देत होता. शाळेमागे चिंचेचं झाड होतं आणि मुलांकडे चिंचोक्यांना तोटा नव्हता. एका रिकाम्या डब्यात मी चिंचोके भरून ठेवले. सुट्टीच्या आधी प्रत्येकाने एक घ्यायचा आणि ज्याने आपलं बरं केलं त्याच्या हातावर ठेवायचा. बोलता येत असेल त्याने काय केलं ते सांगायचं, नसेल त्याने नुसता ठेवायचा. रोज तीच वेळ, तोच डबा, माझे तेच शब्द, "आज कोणी बरं केलं?" ह्या दोघांना तेच ते लागतं, इतकं माझ्या ध्यानात आलं होतं. एकदा मी डबा उजवीऐवजी डावीकडे ठेवला तर मुलाने किंचाळून तो उजवीकडे नेऊन ठेवला होता.

तीन आठवडे तो म्हणत राहिला, "आज कोणी बरं केलं," आणि चिंचोका मुठीत धरून घरी नेत राहिला. एका बुधवारी मात्र तो उठला, समुद्राकडच्या खिडकीपाशी गेला, चौकटीवर चिंचोका ठेवला आणि म्हणाला, "बोट वेळार इली." त्याचं स्वतःचं असं पहिलं वाक्य मी ऐकलं. मुलं हसली. मीही हसले.

मुलीच्या बाबतीत मी काय केलं ते सांगायला मला जड जातं. ती चिंचोका कोणाला देत नसे. दाराशेजारी, ती बसायची तिथे, दोन चिऱ्यांमधला चुना पडून एक फट झाली होती. त्या फटीत ती तो खुपसायची. मला वाटलं, हट्ट करते. शेजारच्या मुलीने तिला आपली भाकरी दिलेली मी डोळ्यांनी पाहिलेली असायची आणि ही फटीत चिंचोका घालणार. मी तिची मूठ उघडायची, तिला ओढत शेजारणीपुढे न्यायची. ती बोचकारायची. मग मी पट्टी काढायची. उपकाराची जाण यावी म्हणून मी त्या मुलीच्या बोटांवर पट्टी मारत होते, आणि एक-दोन दिवस नव्हे, दोन महिने. तिची बोटं सुजायची आणि त्याच सुजलेल्या बोटांनी दुसऱ्या दिवशी ती फटीत चिंचोका घालायची.

उन्हाळा सुरू झाला. एका दुपारी घामाने जीव नकोसा झाला होता. मुलं गेल्यावर फटीत किती चिंचोके साठले ते बघायला मी तिच्या जागेवर खाली बसले आणि भिंतीला डोकं लावलं. चिंचोके पलीकडे वाळूत गळून पडले होते आणि फटीतून वारं येत होतं. समुद्रावरचं, गार, बारीक, बरोबर कपाळावर लागेल असं. ती सबंध दिवस तिथे कपाळ टेकवून बसायची आणि मी रोज म्हणायची, "भिंतीकडे तोंड करू नकोस." सगळ्या शाळेत तिचं बरं करणारी ती एकच गोष्ट होती आणि तिची जाण तिने रोज न चुकता ठेवली होती. मी पट्टी कपाटात टाकली. दुसऱ्या दिवशी तिने फटीत चिंचोका ठेवला तेव्हा मी शब्द काढला नाही. ती माझ्याकडे बघत नसेच. पण त्या दिवशी मार का बसला नाही म्हणून बोटं पुढे करून थांबली. ते मात्र मी आजही विसरू शकलेले नाही.

दुसरं वर्ष सुरू होऊन पावसाळा सरला तोवर मुलं चिंचोके घरी न्यायला लागली होती. एकाने देवाच्या पाटावर ठेवला, एकीने बैलाच्या गोठ्यात. मुलीच्या आईने मला वाटेत थांबवून सांगितलं, "बाई, माझ्या पाटयेत चिंचोको गावता. ह्याच ठेवता." तिला हसू येत होतं. "माका वाटला, चेडू खेळता."

मुलीच्या बापाला मी तोवर दोनदाच पाहिलं होतं. मोठ्या हाडाचा, कमी बोलणारा माणूस. तो आणि त्याचा धाकटा भाऊ एका होडीवर जात. मुलगी धावत समुद्रात शिरायची म्हणून तो तिला दोरीच्या टोकाने मारायचा. तिच्या पाठीवर ते वळ मी पाहिले होते. भावाला मात्र तो जीव लावून होता. त्यानेच भावाला लहानाचा मोठा केला होता.

त्या ऑक्टोबरात एका संध्याकाळी आकाश काळं झालं आणि वादळी वाऱ्याने त्यांची होडी किनाऱ्यापासून फार लांब नसताना उलटी केली. बाप पोहत आला. त्याचं डोकं फुटलं होतं. भाऊ आला नाही. तिसऱ्या दिवशी खडकांत सापडला तेव्हा त्याला ओळखायला अंगावरचा करगोटा बघावा लागला. माशांनी चेहरा ठेवला नव्हता. मी मुलांना घेऊन किनाऱ्यावर गेले नाही. पण वाऱ्याबरोबर तिथलं रडणं शाळेत येत होतं.

बाराव्यानंतर बापाने आपली चंची उघडली. चंची म्हणजे पान-तंबाखूची कापडी पिशवी. होडी उलटली त्या दिवशीही ती त्याच्या कमरेलाच होती. तिच्या तळाशी एक चिंचोका सापडला. मग उलटलेल्या होडीच्या पुढच्या टोकाला, लाकडाच्या खाचेत, आणखी तीन. त्याने कोणाला तरी विचारलं आणि त्या कोणीतरी एकच शब्द सांगितला: करणी.

सकाळी दहा-साडेदहाची वेळ होती. मुलीची आई शाळेच्या पायऱ्या धावत चढली. तिच्या डोक्यावरचा पदर पडला होता. "बाई, चला. भगताक हाडल्यानी हत. चेडवाक मारून टाकतले."

मी निघाले. आडोशाच्या पलीकडून हेडमास्तर म्हणाले, "शाळेच्या वेळेत गेलात तर मला वर लिहावं लागेल."

"लिहा," मी म्हणाले. ह्या वेळी आवाज निघाला.

वाळूतून धावताना माझी एक चप्पल गेली. वर्गातली मुलं माझ्या मागून धावत होती. त्यांच्या झोपडीसमोर माणसं जमली होती. दारातून धूर येत होता, मिरच्यांचा. माणसं नाकाला धोतराचे सोगे लावून उभी होती, पण कोणी हलत नव्हतं. आत खाडीपलीकडून आणलेल्या भगताने मुलीचे केस मुठीत धरून तिचं तोंड धुरीच्या मडक्यावर दाबलं होतं. ती खोकत होती, लाथा झाडत होती. निखाऱ्यात कोयती तापत होती. तिचा परकर वर गेला होता आणि बेंबीच्या वर कोयतीच्या पात्याएवढा एक डाग आधीच दिलेला होता. जळल्या मांसाचा वास मिरच्यांच्या वासातूनही येत होता.

मी भगताच्या हाताला झोंबले. कोणीतरी मागून मला ओढलं, मी वळले, आणि बापाने हातातल्या वल्ह्याचा दांडा माझ्या खांद्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मला आधी ऐकू आला, दुखलं नंतर. मी गुडघ्यावर पडले.

"कोणी शिकवल्यान हेका ही करणी?" तो ओरडला. त्याच्या हातात चिंचोके होते. त्याने ते माझ्या तोंडावर मारले. "माझो भाव खाल्ल्यान हिना! कोणी शिकवल्यान?"

"मी शिकवलंय," मी म्हणाले.

शाळेत मी कधी मालवणी बोलत नसे. पुस्तकी भाषा बोलायची, असा माझा नियम होता. त्या वेळी तोंडातून घरचीच बोली आली. "मी शिकवलंय. करणी न्हय ती. जो तिचा बरा करता, तेच्याकडे ती चिंचोको ठेवता. शाळेतली सगळी पोरा ठेवतत. बाहेर उभी आसत, विचारा तेंका."

बाप थांबला. दांडा त्याच्या हातात तसाच वर होता.

"माझ्याकडे?" तो म्हणाला. "मी काय बरा केलंय हेचा? आजपर्यंत मारलंयच."

तिने दोरीच्या माराचे उपकार मानले असं मी कसं सांगणार होते? भगत पुन्हा निखाऱ्यांकडे वळला. तेव्हा दाराशी खोकत उभी असलेली आई बोलली. नवऱ्यापुढे बोलायची तिला सवय नव्हती. ती जमिनीकडे बघत बोलली.

"तुम्ही तिका जाळ्याखाली घालतास ना."

"काय?"

"तुम्ही जाळी शिवतास तेव्हा. ती पळता म्हणान तुम्ही भिजलेला जाळा तिच्या आंगार टाकतास. अख्खो ढीग. तेव्हाच ती गप रवता. आपटणा नाय, बोचकारणा नाय. कधी कधी निजता." तिने नाक पुसलं. "तुमका वाटता, तुम्ही तिका बांधून घातलात. तिका तां बरा वाटता."

भगताची पकड तेवढ्यात सैल झाली असावी. मुलगी त्याच्या हातून निसटली. मला वाटलं, बाहेर पळेल, समुद्राकडे. ती झोपडीच्या कोपऱ्यात गेली. तिथे काठाला काथ्याचे दोर असलेली, ऐनाच्या झाडाच्या सालीत रंगवलेली सुती जाळी ढीग करून ठेवली होती. पोटाला हात लावून ती त्याखाली शिरली आणि आतून ओढून ओढून तिने तो सगळा ढीग आपल्या अंगावर घेतला. थोडा वेळ ढीग वरखाली होत राहिला. मग संथ झाला.

"बघा," भगत म्हणाला, "लपला. आता वरसून मारा, भायर येता की नाय तां."

बापाने दांडा मारला, पण भगताच्या पाठीत. मग मडकं फोडलं. मग पुन्हा भगताला, दोनदा, तीनदा, आणि तो दारातून धडपडत बाहेर पडला तरी हा वाळूत त्याच्या मागे जाऊन मारत राहिला. लोकांनी धरलं तेव्हा थांबला. निखाऱ्यातली कोयती त्याने नुसत्या हाताने उचलून बाहेर फेकली. त्याच्या तळव्याचं कातडं तिला चिकटून गेलं. मग तो जाळ्याच्या ढिगाशेजारी बसला आणि भावाला हाका मारून रडायला लागला. बारा दिवसांत तो रडला नव्हता, असं आई मला नंतर म्हणाली.

माझं गळपट्टीचं हाड मालवणच्या एका हाडवैद्याने बांधलं. ते थोडं वाकडं जुळलं. हेडमास्तरांनी वर लिहिलं होतंच. भर वेळेत वर्ग सोडून जाणे, मुलांना अंधश्रद्धेचे प्रकार शिकवणे, गावात मारामारीला कारण होणे. चौकशीला आलेल्या अधिकाऱ्याने मला विचारलं, "हे चिंचोक्यांचं काय प्रकरण आहे?" मी सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, चहा प्यायला आणि म्हणाला, "अभ्यासक्रमात नाही हो हे." मे महिन्यात माझी बदली तळेऱ्याच्या बाजूला एका आतल्या गावात झाली, जिथून समुद्र दिसत नव्हता.

तोपर्यंतचे महिने मी डबा बंद केला नाही. मुलगी डाग भरून आल्यावर शाळेत येऊ लागली. ती फटीत चिंचोका ठेवायची. मला तिने कधीच दिला नाही. मला तो मिळावा असं वाटत होतं, हे कबूल करते. पण तिचा हिशोब चोख होता आणि मी तिचं किती बरं केलं होतं ते आम्हा दोघींना ठाऊक होतं. दुकानदाराच्या मुलाने एकदा तिच्या हातावर ठेवला. काय केलं म्हणून, ते तो बोलला नाही. कान फुटला त्या दिवसाला वर्ष होऊन गेलं होतं, पण त्याला तारखा आणि वार विसरायला येत नसत.

सगळं गोड झालं असं मी लिहिणार नाही. बापाने मुलीला पुन्हा मारलं नाही. बायकोला मारायचा तो मारत राहिला. मी तळेऱ्याकडे गेल्यावर नव्या शाळेतही सुट्टीच्या आधी चिंचोके वाटले, आणि त्या शाळेतही माझा हात दोन-तीनदा उठला. एकदा तर डबा मांडीवर असताना उठला. ज्याला मारलं तो मुलगा रडत रडत म्हणाला, "बाई, आज मी कोणाक देव?" मी त्याला घरी सोडायला चार मैल चालत गेले. त्यानंतर मारलं नाही.

साठच्या दशकाच्या मध्यावर एका सुट्टीत मी त्या किनाऱ्यावर परत गेले. दुकानदाराचा मुलगा तेव्हा मालवणच्या धक्क्यावर बसायला लागला होता. उतारू फळ्यावरचं वेळापत्रक न बघता त्यालाच विचारत. मी विचारलं, "मुंबईची बोट कधी?" त्याने माझा प्रश्न मला परत दिला, आणि मग उत्तरही दिलं.

मुलगी झोपडीबाहेर बसून जाळं शिवत होती. तिच्या गाठी बघायला दुसऱ्या गावचे लोक येतात, असं आईने सांगितलं. ती आता सोळा-सतरा वर्षांची उंच मुलगी होती. माझ्याकडे तिने बघितलं नाही. मी शेजारी बसले, तर थोडी सरकली, इतकंच. तिच्या हातातलं जाळं नायलॉनचं होतं, हिरवं, नवं. गावात सगळ्यांनीच तशी जाळी घेतली होती. मागे खुंटीपाशी जुन्या सुती जाळ्याचा ढीग मात्र तसाच होता, जागोजागी फाटलेला, मासे धरायला कामाचा न राहिलेला.

बाप आला. त्याचे केस पांढरे झाले होते. त्याने माझ्या खांद्याकडे बघितलं आणि नजर वळवली.

"तां जुना कित्याक ठेवलास?" मी विचारलं.

"नायलॉन हलक्या आसता, बाई," तो म्हणाला. "तिका वजन व्हया."

त्याने आतून चटई आणून टाकली. आईने सोलकढी दिली. मग तो भावाबद्दल बोलत बसला, लहानपणी तो कसा पोहायचा, त्याला कुठला मासा आवडायचा, असं काहीबाही. माझी एसटी सुटायची वेळ होईपर्यंत तो बोलत होता.